बिनकठड्याची होडी

बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला कागदाची होडी उत्तम करता येते. ती सोडायला पाणी मिळालं तर ते वर्ष सुकाळाचं समजायचं. आमच्या लहानपणी एकेका होडीला तीन-तीन पावसाळे वाट पाहावी लागे. तोवर तिच्या कागदावरचं गणित पाठ होऊन जाई.

तसा आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात होड्यांच्या कामाचा एक मोठा प्रसंग आहे. पण तोही पलीकडून अलीकडे येता न आल्याचा. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम नदी उतरून पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिलेला आणि मध्ये गोदावरी दुथडी भरून वाहत होती. दिवाण मारला गेला आणि मालकाला मदतीला येता आलं नाही. त्यानंतर आमच्या भागाने होडीचा नाद जवळजवळ सोडलाच.

पाण्याशी खरा संबंध आला तो बँकेत चिकटल्यावर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च हा कोरडा विषय आहे असं लोक म्हणतात, पण त्यांनी आमची परिभाषा ऐकलेली नाही. कर्जाला हवं ते तारण. कर्ज फिटलं नाही की ते बुडीत. नफ्यातून बाजूला टाकायची ती गंगाजळी. हाताशी रोकड असणं म्हणजे तरलता. ज्या गावात आठ दिवसांनी टँकर येतो तिथल्या शाखेच्या ताळेबंदातसुद्धा गंगाजळी असते! एवढं पाणी हाताळूनही आमच्या शाखेने होडीला म्हणून कर्ज दिलं ते एकदाच. त्या होडीची ही हकीगत.

होडी दाजींची. दाजी म्हणजे आमच्या शाखेतल्या शिपाईमामांच्या बहिणीचे यजमान. मामांचे दाजी म्हणून ते आपोआप अख्ख्या शाखेचे दाजी झाले. मॅनेजरसाहेबसुद्धा त्यांना दाजीच म्हणतात. एका तलावाच्या काठी त्यांची वस्ती. जातीचे भोई, मासेमारी करणारे. पूर्वी थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी टाकायचे. तलाव झाल्यापासून जुना रस्ता पाण्याखाली गेलेला. शाळा पलीकडच्या काठाला. वळसा घालून गेलं तर अडीच कोस, आणि पाण्यावरून गेलं तर एका पानाला चुना लावून होईपर्यंत पलीकडे. तेव्हा वस्तीतली लेकरंही त्याच थर्माकोलवरून शाळेत जायची. हे तुम्हांला अतिशयोक्तीचं वाटत असेल तर सांगतो, 2023 साली गंगापूर तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जाणाऱ्या मुलांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. आमच्या वस्तीचा फोटो कुणी काढला नाही, एवढाच फरक.

दाजींनी कर्ज काढून फायबरची होडी घेतली. निळीशार, पंधरा फुटी, आडव्या दोन फळ्या बसायला, दोन वल्ही. कठडा मात्र नाही. कठड्याची होडी महाग पडते आणि जाळं ओढताना कठडा आडवा येतो. पैलतीरी उतरायची जागा म्हणजे बुडालेल्या रस्त्यावरच्या मोरीची दगडी भिंत. दुपारनंतर वारा सुटला की तलावाला लाटा येतात, आणि प्रत्येक लाट होडीला त्या भिंतीवर नेऊन आपटते. लाकडाची होडी मार खाऊन गप्प बसते. फायबरचं तसं नाही. वरचा गुळगुळीत थर एकदा टवकला की आतल्या काचेच्या धाग्यांत पाणी शिरतं आणि आतून होडी सडायला लागते. एका पावसाळ्यात दाजींनी एम-सीलची इतकी ठिगळं लावली की निळी होडी चितकबरी झाली. कर्जाचे हप्ते उरले होते छत्तीस आणि होडीचं लक्षण दिसत होतं अठरा महिन्यांचं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यापुढचं गणित करायला कागद लागत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी शाखेची सहल कपिलधारला गेली. ज्यांनी कपिलधार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की डोंगरात हे ठिकाण आहे. 'परमरहस्य' लिहिणाऱ्या संत मन्मथस्वामींची तिथं समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून लोक दिंड्या घेऊन पायी येतात. आणि पावसाळ्यात तिथं कड्यावरून धबधबा कोसळतो. वरून पडणारं पाणी आम्ही बीडकर ज्या नजरेनं बघतो त्या नजरेनं कोकणातला माणूस सोनंसुद्धा बघत नसेल. आम्ही धबधब्याखाली भिजत नाही. आधी अर्धा तास नुसते उभं राहून खात्री करून घेतो.

कोकणातला माणूस म्हटलं ते उगीच नाही. रत्नागिरीहून बढतीवर बीडला आलेले एक अधिकारी आमच्याबरोबर होते. त्यांना आम्ही आपसांत 'खाडीसाहेब' म्हणतो. सबंध धबधबा त्यांनी एकदा खालून वर, एकदा वरून खाली पाहिला आणि म्हणाले, "बरा आहे हो." एवढ्या शब्दावर शाखेनं त्यांच्याशी दुपारपर्यंत अबोला धरला असता, पण तेवढ्यात मामांबरोबर सहलीला आलेल्या दाजींनी आपल्या होडीचं दुखणं काढलं आणि खाडीसाहेब एकदम खुलले.

"फेंडर नाहीत तुमच्या होडीला?"

मॅनेजरसाहेबांना फेंडर म्हणजे मोटारीचा मडगार्ड वाटला. खाडीसाहेबांनी समजावून सांगितलं की, होडी आणि धक्का यांच्यामध्ये जो काही मऊ ऐवज लोंबकळत असतो, तो फेंडर. मिरकरवाडा बंदरात जा, नाहीतर मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जा. लाँचींच्या दोन्ही अंगांना जुने टायर टांगलेले दिसतात, ते तेच काम करतात. पूर्वी सुंभाचे वळलेले गड्डे असत, आता टायर. शिवाय आतून पोकळ, हवा भरलेले रबरी लोळेही मिळतात.

भाऊचा धक्का कुणा भाऊनं दिलेला धक्का नव्हे, हे मला ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी तो बांधला. पण बंदराला आणि ढकलण्याला आपल्या भाषेनं एकच शब्द का ठेवला, हे मला त्या दिवशी उमगलं. जिथं होडीला बसतो, तो धक्का. ज्याचं नावच धक्का, तिथं गेल्यावर आणखी कशाची अपेक्षा करणार?

"पण बांधायचा कुठं?" दाजी म्हणाले. "कठडाच न्हाई ना साहेब!"

आणि हा खरा प्रश्न होता. टायर बीडमध्ये पाहिजे तितके. आमच्या रस्त्यांच्या कृपेनं जुन्या टायरांत आमचा जिल्हा स्वयंपूर्ण आहे. दोरही आहे. पण दोर बांधायचा कशाला? कठड्याच्या होडीला कुठंही गाठ मारा, काम झालं. बिनकठड्याच्या होडीचा काठ म्हणजे गुळगुळीत. घसरून पडायला जागा भरपूर. धरायला एक नाही.

आता शाखेत चौदा माणसं, म्हणजे चौदा सल्ले. त्यातही बँकेतली माणसं. ज्या धंद्याला कर्ज दिलं त्या धंद्यातलं आपल्याला धंदेवाल्यापेक्षा जास्त कळतं, अशी आमची नोकरीच्या अटीतच श्रद्धा असते.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "सोपं आहे. काठाला चार भोकं पाडा, नटबोल्टानं लोखंडी कड्या बसवा."

दाजींचा चेहरा असा झाला की जणू साहेबांनी त्यांच्या मुलीचे कान दोन जागी जास्त टोचायला सांगितले. "होडी वाचवायला होडीलाच भोकं?"

खाडीसाहेबांनी साहेबांची बाजू घेतली. भोक काठाशी, पाण्याच्या बरंच वर घ्यायचं. आतल्या बाजूनं नटखाली रुंद पट्टी द्यायची, म्हणजे ओढ एका जागी येत नाही. आणि भोकात जलरोधक लांबी भरायची, नाहीतर तिथूनच फायबरमध्ये पाणी मुरतं. उपाय पक्का आहे. पण दाजींनी मान हलवली. हप्ते चालू असलेल्या होडीला भोक पाडायचं हे त्यांच्या मनाला पटेना. खरं सांगायचं तर आमच्या नियमांनाही पटलं नसतं. तारणात कर्जदारानं स्वतःहून भोक पाडणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.

कॅशियरनी स्वयंपाकघरातल्या फरशीला चिकटवतात तसल्या रबरी वाट्या सुचवल्या. दाबून चिकटवायच्या, त्यांना टायर टांगायचे. खाडीसाहेब म्हणाले, मिळतात तशा. पण पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि सपाट हवा. माशाच्या होडीचा काठ या तिन्ही परीक्षांत नापास.

मी सुचवलं, की टायर होडीला कशाला, मोरीच्या भिंतीलाच टांगून टाका. बंदरातल्या धक्क्यांना असतातच की! यावर दाजी पहिल्यांदा हसले. "साहेब, आपला तलाव हाय. भाद्रपदात पानी भिंतीच्या वरच्या थराला, दिवाळीला मधल्या, अन् शिमग्याला भिंतीच्या पायथ्याला. टायर तितंच लोंबत ऱ्हाईल अन् होडी खाली दगडाला घासंल." समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते, आमच्या तलावाची वर्षातून एकदा, आणि काही वर्षी नुसतीच ओहोटी. तेव्हा टायर होडीबरोबर खाली-वर जाणारा पाहिजे, हे सिद्ध झालं.

इतका वेळ आमच्या ठेवी विभागातल्या बाई भरल्या वांग्यांसाठी वांगी निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या. त्यांनी पिठाची मोठी परात घेतली, सुतळीची गुंडी घेतली, चार वांगी घेतली आणि सरळ समाधीपासून लांब, ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊन परात पाण्यात सोडली.

"ही तुमची होडी. हिलाही कठडा नाही."

बावीस वर्षांच्या नोकरीत आमच्या शाखेनं इतकं स्पष्ट प्रात्यक्षिक पाहिलं नव्हतं. कुणीतरी परातीत सहा बटाटे ठेवले. "ही शाळेतली लेकरं." परात प्रवाहाबरोबर निघाली आणि दगडावर जाऊन आदळली. 'ठण्ण' असा आवाज आला, बटाटे एका अंगाला घरंगळले आणि एक टुणकन पाण्यात पडून तळाला गेला. सगळे हसले. दाजी तेवढे हसले नाहीत. ते पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात उतरले, हातानं चाचपून तो बटाटा त्यांनी शोधून काढला आणि पुसून परत परातीत ठेवला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग बाईंनी सुतळी घेतली. तिच्या दोन टोकांना दोन वांगी बांधली आणि ती परातीवरून आडवी टाकली. एक वांगं या अंगाला, एक त्या अंगाला. श्रावणबाळाच्या कावडीसारखं! बांधायला काही नसलं तर एका टोकाचा भार दुसऱ्या टोकाला बांधायचा. कठडा नको, भोक नको. परात पुन्हा सोडली. या खेपेला आवाज झाला नुसता 'धप्'. बटाटे जागच्या जागी. टाळ्या पडल्या.

यानंतर खाडीसाहेबांच्या अंगात दर्या संचारला. त्यांनी एकेक बारकावा त्या परातीवरच दाखवला. दोर लांब सोडला तर वांगं पाण्यावर तरंगतं आणि धडकेच्या वेळी काठावर उसळून निसटतं; दगड जिथं लागणार तिथंच ते आलं पाहिजे. गरज पडली तर वांगं दोन्ही टोकांनी बांधून आडवं टांगायचं. जागा होडीच्या सर्वांत रुंद भागाशी, कारण पहिला मार पोटाला बसतो. आणखी एकेक पुढं-मागं. मामांनी उत्साहानं भरताचं मोठं वांगं आणून एका बाजूला बांधलं, तर परात कलंडली. "हेच," खाडीसाहेब म्हणाले, "लहान होडीला ट्रकचा टायर लावू नये. स्कूटरचा पुरे." आणि शेवटचं म्हणजे, होडी चालू झाली की फेंडर आत ओढून घ्यायचे, नाहीतर ते पाण्यात ओढत जातात आणि वल्हवणाऱ्याचा दम काढतात.

गाठीवरून थोडा वाद झाला. टायराला निरगाठ, यावर सगळ्यांचं एकमत. होडीकडच्या टोकाला मात्र सुरगाठच हवी, कारण पाणी जसं उतरेल तशी उंची बदलायची. पण नुसती सुरगाठ हिसक्यानं सुटते. तेव्हा दोराला आधी दोन वेढे द्यायचे, मग सुरगाठ मारायची. आमच्या खात्यात जिला 'दुहेरी सही' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

दाजी हे सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाईंचं बराबर हाय. पर दोर असा मधून आडवा पडला, तर लेकरं पाय अडकून तोंडावर पडतील."

पुन्हा शांतता. चौदा सल्ल्यांत हा एक मुद्दा कुणालाच सुचला नव्हता, कारण त्या होडीत रोज कुणाचं लेकरू बसत नव्हतं.

मग उत्तरही त्यांनीच दिलं. बसायच्या दोन फळ्या होत्याच की! फळीचं टोक आणि होडीची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट असते. दोर त्या फटीतून घालून फळीच्या टोकालाच वेढे द्यायचे. दोन फळ्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे चार टायर. पायांत काही नाही, काठाला भोक नाही. ज्याच्यावर माणसं बसतात त्यालाच टायर बांधायचा. "तीन पाहिजेत एका बाजूला," असं खाडीसाहेब पुटपुटले, पण पंधरा फुटी होडीला दोन चालतील असं त्यांनी मोठ्या मनानं मंजूर केलं. सर्वानुमते ठराव पास झाला आणि फेंडरांची भाजी करण्यात आली. मार खाल्लेली वांगी मसाला जास्त धरतात, असा शाखेचा अनुभव आहे.

जेवण झाल्यावर मला आपलं सहज वाटलं, की मी गेली वीस वर्षं काय करतो आहे? एका बाजूला बँक. दगडी, जागची न हलणारी. दुसऱ्या बाजूला ग्राहक, वाऱ्यानं येणारा, लाटेगणिक आदळणारा. सर्व्हर बंद पडतो मुंबईत, आणि शिव्या बसतात बीडच्या काउंटरवर. व्याजदर ठरतो कुठं, आणि पासबुक आपटलं जातं माझ्या टेबलावर. मध्ये लोंबकळत मी 'धप्' असा आवाज करत असतो. घरोघरी असं एखादं माणूस असतंच. बाप आणि वाढत्या वयाचा मुलगा यांच्यामध्ये आई असते, सासू आणि सून यांच्यामध्ये नवरा असतो. तो निदान तसा समज करून घेतो. मार खाण्याबद्दल टायराची तक्रार नसते. त्याचं म्हणणं एवढंच, की मला कशाला तरी नीट बांधा. मला बांधणारी फळी म्हणजे आमच्या शाखेची ही चौदा माणसं, हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही. सहलीत असं बोलायची पद्धत नाही, आणि वर्गणीचे पैसे अजून सगळ्यांचे यायचे होते.

पुढं महिन्याभरानं तारणाच्या पाहणीला खाडीसाहेब निघाले आणि अहवाल टाइप करायचं काम माझं म्हणून मलाही घेऊन गेले. होडी पाण्यात होती. स्कूटरचे चार जुने टायर, त्यांवर गोणपाट गुंडाळलेलं, म्हणजे निळ्या रंगावर काळे ओरखडे नकोत. प्रत्येक टायराला खालच्या अंगाला भोकं पाडलेली. "पानी साचलं तर डास व्हत्यात," दाजी म्हणाले. हे खाडीसाहेबांनी सांगितलं नव्हतं. टायराला भोक पाडायला दाजींची हरकत नव्हती.

शाळेची वेळ होती. सहा लेकरं दप्तरं पोटाशी धरून फळ्यांवर बसली. दाजींनी टायर आत घेतले, वल्ही मारली, भिंत जवळ आल्यावर टायर बाहेर सोडले. वारा होता. लाटेनं होडी उचलली आणि भिंतीवर नेली. टायर दबला, फुसकन पाणी उडालं, होडी जराशी मागं येऊन स्थिर झाली. लेकरं उतरली आणि शाळेकडे पळत सुटली. एकानंही मागं वळून टायराकडे पाहिलं नाही. पाहायचं काही कारणच नव्हतं.

शाखेत येऊन मी अहवाल टाइप करायला घेतला. आमच्या नमुन्यात एक रकाना असतो : 'तारणास नंतर जोडलेली साधनसामग्री व तिचे मूल्य'. मी लिहिलं, 'स्कूटरचे जुने टायर, नग 4'. मूल्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून खाडीसाहेबांना विचारलं. टायर भंगारातले, दोर घरचा.

"शून्य लिहा," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण ओळ काढू नका हां."

ताळेबंदात शून्य मूल्याची नोंद ठेवत नाहीत, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. ती ओळ अजून दाजींच्या फायलीत आहे, आणि परवाच्या पाच तारखेला त्यांचा एकविसावा हप्ता जमा झाला आहे.